उतरते वय, चढती बिदागी : बेसबॉलमधील एका जुन्या प्रश्नाचा आढावा

अमेरिकेत वर्ल्ड सिरीजचा निकाल लागला आणि मैदाने ओस पडली, की बेसबॉलचा दुसरा हंगाम सुरू होतो. त्यात चेंडू आणि बॅट यांची जागा करारपत्रे, वकील आणि संघमालकांच्या तिजोऱ्या घेतात, आणि दर हिवाळ्यात एक प्रश्न हटकून पुढे येतो : तिशी ओलांडलेल्या, कीर्तीच्या शिखरावर पोचलेल्या, किंबहुना ते शिखर उतरू लागलेल्या खेळाडूला कोट्यवधी डॉलर मोजून पदरी बांधून घेणे कितपत किफायतीचे? या प्रश्नाला दोन उत्तरे तयार असतात. हिशेबनिसाच्या मते उताराची खरेदी हा बुडीत व्यवहार होय. आणि रसिकाच्या मते ज्याने खेळाला वैभव दिले त्याच्या मोलाचा असा हिशेब मांडणेच गैर होय. दोन्ही उत्तरांत सत्यांश आहे. परंतु गेल्या शतकभराचे दाखले नीट तपासले असता असे दिसते, की वय हे तोट्याचे कारण क्वचित ठरते आणि कराराची मुदत मात्र वारंवार ठरते. आणि ज्या मुदती आज अवाजवी वाटतात, त्यांच्या मुळाशी तरुणपणी थकवलेल्या मोबदल्याचा एक जुना अन्याय आहे. याच विधानाची छाननी येथे करावयाची आहे.

या प्रश्नाला एक विशिष्ट कायदेशीर पूर्वपीठिका आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जवळजवळ शंभर वर्षे बेसबॉलच्या करारपत्रांत 'राखीव कलम' असे. त्या कलमान्वये मुदत संपल्यावरही खेळाडूवरील हक्क मालकाकडेच राही, आणि देऊ केलेला तनखा पसंत नसेल तर खेळ सोडून घरी बसणे एवढाच मार्ग खेळाडूस उरे. सेंट लुईस कार्डिनल्सचा कर्ट फ्लड याने १९६९ साली आपली फिलाडेल्फियाच्या संघाकडे झालेली परस्पर रवानगी नाकारून पुढच्या वर्षी या पद्धतीविरुद्ध फिर्याद गुदरली; १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरुद्ध निकाल दिला आणि त्या झगड्यात त्याची कारकीर्दही संपली. तथापि डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या प्रकरणात असा निवाडा दिला, की करार संपल्यावर मालकाला हे कलम आणखी एक वर्ष वापरता येईल, त्यापुढे खेळाडू मोकळा होईल. त्यानंतर मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात जी तडजोड झाली तिचा गाभा आजही कायम आहे : मुख्य लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरल्याशिवाय खेळाडूला खुल्या बाजारात उतरता येत नाही. पहिली दोन-तीन वर्षे तो किमान वेतनाच्या आसपास खेळतो, पुढची वर्षे लवादाच्या दरबारात आपले मोल ठरवून घेतो, आणि मग स्वतंत्र होतो.

या शिरस्त्याचा परिणाम असा, की बाविसाव्या-चोविसाव्या वर्षी मुख्य लीगमध्ये आलेला खेळाडू स्वतंत्र होतो तो साधारणतः एकोणतीस-तिसाव्या वर्षी. आणि बिल जेम्स या अभ्यासकाने १९८२ सालीच आकडेवारीच्या आधारे दाखवून दिले होते, की फलंदाजाचा उत्कर्षकाल सत्ताविसाव्या वर्षाच्या आगेमागे येतो. तोवर बत्तिशीपर्यंत खेळ चढतच जातो अशी जी सर्वसाधारण समजूत होती, तिला या निष्कर्षाने पहिला धक्का दिला. म्हणजे ज्या घटकेला बाजार खुला होतो, त्याच घटकेला शरीराची शक्ती ओसरू लागलेली असते. बेसबॉलमधील वृद्धत्वाच्या प्रश्नाची सारी मेख या दोन कालगणनांच्या विसंगतीत आहे.

शरीराचा उतार एकजिनसी नसतो, हेही येथे ध्यानी घेतले पाहिजे. पायांचा वेग सर्वांत आधी जातो. त्याच्या मागोमाग क्षेत्ररक्षणातील पल्ला आखडतो, आणि म्हणून शॉर्टस्टॉपच्या जागी उभा राहणारा खेळाडू वयपरत्वे तिसऱ्या बेसवर, तेथून पहिल्या बेसवर सरकत जातो. चेंडू दूर भिरकावून देण्याची ताकद त्याहून उशिरा ओसरते. आणि कोणता चेंडू खेळावा व कोणता सोडावा ही नजर कित्येकदा पस्तिशीपर्यंत पक्व होत राहते. पिचरच्या चेंडूचा वेग पंचविशीतच शिगेला पोचून पुढे हळूहळू घटतो, परंतु चेंडूवरील हुकमत आणि फलंदाजाला चकवण्याची विद्या यांच्या जोरावर काही जण चाळिशी गाठतात. १९७३ साली अमेरिकन लीगने पिचरऐवजी केवळ फलंदाजी करणारा स्वतंत्र खेळाडू मान्य केला आणि २०२२ पासून दोन्ही लीगांत तो नियम लागू झाला, तेव्हा पाय थकलेल्या परंतु मनगट शाबूत असलेल्या खेळाडूंना मैदानावर एक हक्काची जागा मिळाली. वय हा एक आकडा असला तरी उतरत्या वयाचे खेळाडू नाना प्रकारचे असतात. त्यांची किंमत सरसकट एकाच दराने ठरविणे ही हिशेबातील पहिली चूक होय.

आता जमाखर्चाकडे वळू. अलीकडील अभ्यासक खेळाडूचे मोल विजयांच्या मापाने मोजतात. केव्हाही किमान वेतनावर मिळू शकणाऱ्या बदली खेळाडूंचाच संघ उभा केला, तर तो १६२ सामन्यांच्या हंगामात सुमारे ४८ सामने जिंकेल असे गृहीत धरून, त्या पायरीवर एखादा खेळाडू स्वतःच्या बळावर किती विजयांची भर घालतो याची बेरीज मांडतात. या मापाला 'वॉर' असे संक्षिप्त नाव आहे. खुल्या बाजारात अशा एका विजयाचा दर अलीकडच्या वर्षांत साधारणपणे ८० लाख डॉलरांच्या घरात धरला जातो, आणि तिशीनंतर खेळाडूचे हे योगदान दर साल सुमारे अर्ध्या विजयाने घटते असा ढोबळ आडाखा बांधतात. त्या आडाख्याने पाहता, ज्याचे आजचे मोल वर्षाला पाच विजय आहे अशा एकतीस वर्षांच्या खेळाडूकडून दहा वर्षांत साडेसत्तावीस विजय मिळतील. पैकी वीस पहिल्या पाच वर्षांत आणि अवघे साडेसात नंतरच्या पाच वर्षांत. रकमेत सांगावयाचे तर २२ कोटींच्या मालापैकी १६ कोटींचा माल कराराच्या पूर्वार्धातच पदरात पडावयाचा असतो. संघमालक अवाढव्य रकमांवर सही करतात तेव्हा ते केवळ भुलून करतात असे नव्हे. कागदावरचा हिशेब पुष्कळदा जुळतो. तो बिघडतो याचे कारण असे, की आडाख्यातला उतार मंद आणि सरळ असतो, आणि मनुष्याच्या देहाचा उतार मात्र एका दुखापतीसरशी कडा होऊ शकतो.

या कड्याचे सर्वांत सुपरिचित उदाहरण आल्बर्ट पुहोल्स याचे. २००१ साली तो कार्डिनल्सकडून प्रथम खेळला तेव्हा त्याचे वेतन त्या वर्षीचे किमान वेतन, म्हणजे २ लाख डॉलर होते. त्या हंगामात त्याने ०.३२९ च्या सरासरीने ३७ होमरन मारून सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा मान मिळविला. २००४ साली त्याच्याशी सात वर्षांचा १० कोटी डॉलरांचा करार झाला, आणि त्या मुदतीत त्याने २००५, २००८ व २००९ असे तीन वेळा नॅशनल लीगचे सर्वश्रेष्ठ खेळाडूपद जिंकले. २००६ व २०११ या दोन वर्षी त्याच्या संघाने वर्ल्ड सिरीजही जिंकली. ज्या काळात तो अमोल होता त्या काळात तो स्वस्त होता. मग डिसेंबर २०११ मध्ये, बत्तिसावे वर्ष लागण्यास महिना-सव्वा महिना उरला असता, लॉस एंजेलिसच्या एंजल्स संघाने त्याला दहा वर्षांसाठी २४ कोटी डॉलर देऊ केले. या कराराची रचनाच मोठी बोधप्रद आहे : पहिल्या वर्षी त्याचे वेतन १ कोटी २० लाख, आणि अखेरच्या वर्षी, म्हणजे वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, ३ कोटी, म्हणजे देह उतरत जाणार हे ठाऊक असताना बिदागी चढत जाईल अशी तजवीज दोन्ही पक्षांनी मिळून केली होती. सेंट लुईसमध्ये अकरा वर्षांत त्याची सरासरी ०.३२८ होती, एंजल्सकडे ती ०.२५६ भरली. पायांच्या दुखण्याने त्याची धाव मंदावली, त्या सबंध मुदतीत संघ केवळ २०१४ साली बाद फेरीत पोचला आणि तेथे एकही सामना न जिंकता परतला, आणि मे २०२१ मध्ये करार पुरा होण्यापूर्वीच त्याला फारखती देण्यात आली. इकडे कार्डिनल्सना त्याच्या जाण्याची भरपाई म्हणून नवोदितांच्या निवडीत एक जादा क्रमांक मिळाला. त्यावर त्यांनी मायकेल वाखा हा तरुण पिचर घेतला, आणि २०१३ साली त्यानेच संघाला वर्ल्ड सिरीजपर्यंत नेण्यात मोठा वाटा उचलला.

एवढ्यावरच हा दाखला बंद केला तर तो अपुरा राहील. २०२२ साली कार्डिनल्सनी त्याच पुहोल्सला एका वर्षासाठी २५ लाख डॉलरांत परत आणले. त्याच्याकडून रोजच्या खेळाची अपेक्षा नव्हती. डावखुऱ्या पिचरांसमोर त्याला मुख्यतः उभे करावे, एवढेच काम ठरविले होते. २३ सप्टेंबरच्या रात्री लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये त्याने तिसऱ्या डावात डावखुऱ्या अँड्र्यू हीनीच्या चेंडूवर ६९९ वा होमरन मारला, आणि लगेच चौथ्या डावात फिल बिकफर्डच्या चेंडूवर ७०० वा. प्रतिपक्षाच्या मैदानावर हजारो लोक उभे राहून त्याला मानवंदना देत होते. बॅरी बॉन्ड्स, हँक ॲरन आणि बेब रूथ यांच्याखेरीज त्या टप्प्यावर कोणी पोचले नव्हते. हंगामअखेर त्याचे २४ होमरन झाले आणि त्याचा संघ आपल्या गटात पहिला आला. खेळाडू तोच आणि वय उलट वाढलेले, तरीही एक करार पश्चात्तापाचा आणि दुसरा किफायतीचा ठरला. हा फरक मुदतीने, रकमेने आणि नेमून दिलेल्या कामाने घडविला.

लांब मुदतीच्या करारांची इतर उदाहरणे थोडक्यात आटोपता येतील. फिलाडेल्फियाच्या रायन हॉवर्डशी २०१० साली, चालू कराराला दोन वर्षे बाकी असतानाच, पाच वर्षांचा १२ कोटी ५० लाखांचा नवा करार झाला. आणि तो अमलात येण्यापूर्वीच, ऑक्टोबर २०११ मध्ये, बाद फेरीतील शेवटच्या चेंडूवर धावताना त्याच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. डेट्रॉइटने मिगेल काब्रेरा याच्याशी २०१४ साली अशीच आगाऊ कबुलायत केली, आठ वर्षांची आणि २४ कोटी ८० लाखांची; तिचा आरंभ त्याच्या बत्तिसाव्या वर्षानंतर व्हावयाचा होता, आणि तिच्या सबंध मुदतीत संघ एकदाही बाद फेरीत पोचला नाही. दोन्ही ठिकाणी वयापेक्षा घाई अधिक महाग पडली. मालकाने दोन वर्षे थांबावयास हवे होते, आणि त्या दोन वर्षांनीच सत्य काय ते सांगितले असते.

मग शहाणेसुरते व्यवस्थापक इतक्या लांब मुदती का मान्य करतात? याचे एक उत्तर करपद्धतीत आहे. बेसबॉलमध्ये वेतनाची कमाल मर्यादा नाही; परंतु संघाचा एकूण वेतनखर्च ठराविक रकमेपलीकडे गेल्यास जादा कर भरावा लागतो, आणि तो आकारताना कराराची वार्षिक सरासरी धरतात. तेव्हा तीच रक्कम अधिक वर्षांवर पसरली, की सरासरी खाली येते. डिसेंबर २०२२ मध्ये सॅन डिएगोने तीस वर्षांच्या झँडर बोगार्ट्सला अकरा वर्षांसाठी २८ कोटी डॉलर दिले, आणि लगेच पुढच्या फेब्रुवारीत छत्तीस वर्षांच्या यू दार्विशचा करार सहा वर्षांसाठी १० कोटी ८० लाखांचा केला, ते या हिशेबाच्या प्रकाशात पाहिले पाहिजे. अशा करारातील अखेरची वर्षे ही वस्तुतः हप्ते होत. चाळिसाव्या वर्षी तो खेळाडू आजच्यासारखा खेळेल असे तो करार लिहिणाऱ्यालाही वाटत नसते. परंतु हप्ता म्हटला तरी तो फेडावा लागतोच, आणि फेडीच्या वर्षी संघाच्या यादीतील एक जागाही अडलेली असते.

याच्या उलट अल्प मुदतीचे करार पाहिले म्हणजे उतरत्या वयाचे खेळाडू सर्वांत हुशार खरेदी ठरू शकतात असे दिसते. नेल्सन क्रूझ याच्याशी सिअ‍ॅटलने डिसेंबर २०१४ मध्ये चार वर्षांसाठी ५ कोटी ७० लाखांचा करार केला तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता, आणि त्याची शेवटची वर्षे वाया जाणार असे भाकीत अनेकांनी केले. त्याने ओळीने ४४, ४३, ३९ आणि ३७ होमरन मारले. जस्टिन व्हर्लँडर याच्या कोपरावर २०२० साली शस्त्रक्रिया झाली आणि २०२१ चा सबंध हंगाम वाया गेला. तरीही ह्यूस्टनने त्याला २०२२ साठी २ कोटी ५० लाख दिले, आणि एकोणचाळिसाव्या वर्षी त्याने १८ विजय मिळवून सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेतला व संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. पुढच्याच हिवाळ्यात न्यू यॉर्क मेट्सनी त्याला दोन वर्षांसाठी सुमारे ८ कोटी ६६ लाख डॉलर दिले. परंतु तो संघच कोलमडला, आणि ऑगस्ट २०२३ उजाडताच मेट्सनी त्याच्या वेतनाचा मोठा भार स्वतःकडे ठेवून त्याला ह्यूस्टनकडे परत धाडले. मुदत अल्प असल्यामुळे ही चूकदेखील दोन हंगामांपुरतीच राहिली, हे अल्प मुदतीचे दुसरे आणि कमी लक्षात येणारे बळ आहे.

वयाला भिऊन केलेल्या चुका हिशेबाच्या वह्यांत दिसत नाहीत, म्हणून त्यांचा उल्लेख मुद्दाम केला पाहिजे. डिसेंबर १९६५ मध्ये सिनसिनाटीने फ्रँक रॉबिन्सन याला बाल्टिमोरकडे देऊन टाकले, आणि तो तिशीचा असला तरी त्याची तिशी तरुण नव्हे, असे समर्थन त्या संघाच्या प्रमुखाने केले. १९६६ च्या हंगामात रॉबिन्सनने ०.३१६ ची सरासरी, ४९ होमरन आणि १२२ धावांची भर घालून अमेरिकन लीगमध्ये तिन्ही बाबतींत प्रथम क्रमांक मिळविला, आणि बाल्टिमोरने पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली. आंद्रे डॉसन याची कथा याहून कटू आहे. मॉन्ट्रियलच्या कृत्रिम हिरवळीने त्याचे गुडघे झिजले होते, आणि १९८७ च्या वसंतात कोणताही संघ त्याला योग्य दर देईना. तेव्हा त्याने सही केलेले कोरे करारपत्र शिकागो कब्जच्या हाती दिले. त्यांनी त्यात ५ लाख डॉलर हा आकडा भरला; मॉन्ट्रियलमध्ये त्याला याच्या दुपटीहून अधिक मिळत होते. त्या वर्षी त्याने ४९ होमरन मारून लीगचे सर्वश्रेष्ठ खेळाडूपद मिळविले. त्याच्याकडे सर्वांनी पाठ का फिरविली याचा उलगडा नंतर झाला : एकमेकांचे मुक्त झालेले खेळाडू न घेण्याचा मालकांचा संगनमताचा व्यवहार लवादांनी उघडकीस आणला, आणि १९९० साली मालकांना २८ कोटी डॉलरांची नुकसानभरपाई मान्य करावी लागली. वयाचे कारण पुढे करून भाव पाडण्याची ही रीत ध्यानी ठेवली, म्हणजे 'वृद्ध खेळाडू परवडत नाही' हे वाक्य कोण म्हणतो आहे, हेही विचारले पाहिजे असे कळते.

आता राहिला तो लौकिकाचा प्रश्न. मोठे नाव तिकिटे खपवते, तरुणांना वळण लावते, हे मूल्य कोणत्या रकान्यात मांडावे? १९३५ साली बोस्टन ब्रेव्हजने चाळीस वर्षांच्या बेब रूथला उपाध्यक्षपदासारखी पोकळ बिरुदे देऊन आणले. त्या वर्षीच्या २५ मे रोजी पिट्सबर्गमध्ये त्याने एकाच सामन्यात तीन होमरन मारले, त्यांतला शेवटचा फोर्ब्ज फील्डच्या उजव्या छपरावरून पार गेला. परंतु आठवड्याभरातच त्याने निवृत्ती पत्करली, त्याची सरासरी ०.१८१ राहिली, आणि संघाने त्या हंगामात ११५ सामने गमावले. उलट १९४८ साली क्लीव्हलंडचे बिल व्हेक यांनी बेचाळीस वर्षांच्या सॅचेल पेज याला घेतले, तेव्हा ही निव्वळ जाहिरातबाजी आहे अशी टीका झाली. वर्णभेदामुळे आयुष्यभर मुख्य लीगच्या दाराबाहेर राहिलेल्या त्या पिचरने सहा सामने जिंकून एक गमावला. आणि क्लीव्हलंड व बोस्टन यांची हंगामअखेर बरोबरी होऊन एका जादा सामन्यावर निकाल लागला, यावरून त्या सहा विजयांचे मोल काय होते ते कळते. फिलाडेल्फियाने डिसेंबर १९७८ मध्ये सदतीस वर्षांच्या पीट रोझला घेतले. २१ ऑक्टोबर १९८० रोजी वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्याचा नववा डाव चालू असता, तिन्ही बेस भरलेले असताना, फ्रँक व्हाइटने उंच उडविलेला चेंडू यष्टिरक्षकाच्या जागी असणाऱ्या बॉब बूनच्या हातमोज्यातून निसटला. शेजारी धावत आलेल्या एकोणचाळीस वर्षांच्या रोझने तो जमिनीवर पडण्यापूर्वी टिपला. काही मिनिटांत त्या संघाने आपल्या इतिहासातील पहिले अजिंक्यपद मिळविले. तेव्हा लौकिकाला मोल आहे. पण ते खेळाच्या सोबतीने येते, खेळाच्या बदली येत नाही.

या तिन्ही दाखल्यांतून संघाच्या परिस्थितीचेही महत्त्व दिसते. सत्तर सामने जिंकणाऱ्या संघाला आणखी तीन विजय मिळाल्याने काहीच साधत नाही. सत्त्याऐंशीवर अडलेल्या संघाला तेच तीन विजय बाद फेरीचे दार उघडून देतात. एकाच खेळाडूचे मोल म्हणूनच एका शहरात अवाजवी आणि दुसऱ्यात वाजवी ठरते.

या सर्व छाननीअंती निर्णय द्यावयाचा तर तो असा. ज्याच्याजवळ एक तरी शाबूत कौशल्य आहे, ज्याला त्या कौशल्यापुरतेच काम नेमून दिले आहे, ज्याच्याशी एक ते चार वर्षांचा करार आहे, आणि ज्याचा संघ खरोखर जिंकण्याच्या बेतात आहे, तो खेळाडू पस्तिशीचा असो की चाळिशीचा, त्याच्यावर खर्चलेला पैसा सत्कारणी लागतो. ज्याला गतकीर्तीपोटी दहा वर्षे बांधून घेतले आहे त्याच्याबाबत, तो कितीही थोर असला तरी, उत्तरार्धाचा तोटा जवळजवळ ठरलेला असतो. परंतु हा तोटा खेळाडूच्या लोभाच्या खाती मांडणे हा मोठा अन्याय होय. ज्याने विशीत २ लाखांत कोट्यवधींचा खेळ दिला, त्याने बत्तिशीत थकबाकी मागितली तर ती त्याच्या हक्काचीच आहे. दोष इतकाच, की कर्ज एका संघाने केलेले असते आणि ते फेडावयाची पाळी दुसऱ्यावर येते. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्या २०२२ च्या करारनाम्यात लवादाचा हक्क न मिळालेल्या तरुण खेळाडूंसाठी दरसाल ५ कोटी डॉलरांचा बक्षीसनिधी निर्माण झाला, ते योग्य दिशेचे पण फार लहान पाऊल आहे. खेळाडूला त्याच्या ऐन उमेदीच्या वर्षांत, त्याच वर्षांचे पुरते मोल मिळू लागेल, तर उतरत्या वयात दहा वर्षांची हमी मागण्याची गरज त्याला राहणार नाही आणि ती देण्याची पाळी मालकावर येणार नाही; आणि तोवर तरी, वृद्ध खेळाडूच्या करारावर टीका करणाराने त्याच खेळाडूचे पहिल्या सहा वर्षांचे वेतनपत्रक आधी उघडून पाहावे, हेच न्यायाचे होईल.